बालीत सहा महिने राहायचंय, पण घरमालकीण अबोल झाली

ताई,
मी २९ वर्षांची, पुण्याची. एका परदेशी कंपनीसाठी डिझाइनचं काम घरून करते. लॅपटॉप आणि नेट असलं की कुठूनही काम चालतं. यंदा मैत्रिणीबरोबर महिनाभर बालीत, चांगूला राहून आले. एका स्थानिक कुटुंबाच्या आवारातली मागची खोली घेतली होती. एका संध्याकाळी त्यांच्या घरच्या देवळात पूजा होती, वाद्यं रात्री उशिरापर्यंत चालू होती आणि नेमकी माझी क्लायंटबरोबर मीटिंग होती. मी जाऊन घरमालकीणबाईंना विचारलं, आवाज कमी होईल का? त्या हसल्या, ‘हो हो’ म्हणाल्या आणि त्यांनी वाद्यं पलीकडे हलवायला लावली. पण त्या दिवसापासून त्यांचं बोलणं तुटलं. आता मला तिथेच सहा महिने राहायचंय. मैत्रीण म्हणते, व्हिसा संपत आला की सिंगापूरला चक्कर मारून परत यायचं, सगळे तेच करतात. आई म्हणते, ‘ती हिंदूच माणसं आहेत, आपलीच आहेत, सांभाळून घेतील.’ मला तिथल्या लोकांच्या डोक्यावर बसायचं नाहीये. जावं का? गेले तर राहावं कसं?
– एक वाचक, पुणे

प्रिय मैत्रीण,

तुझ्या पत्रातलं ‘वाद्यं पलीकडे हलवायला लावली’ हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या देवासमोर चाललेल्या पूजेत त्यांनी तुझ्या मीटिंगसाठी बदल केला. तू पाहिलास तो बहुधा ओडालान असावा, म्हणजे देवळाच्या स्थापनेचा दिवस. बालीत बहुतेक देवळांचा हा दिवस २१० दिवसांच्या पंचांगाप्रमाणे येतो. त्याच्या आधी कितीतरी दिवस घरातल्या बायका नारळाची कोवळी पाती कापून, विणून नैवेद्याच्या परड्या करत बसलेल्या असतात. पुजारी ठरल्या वेळी येतो, नातेवाईक लांबून येतात. कांशाच्या पट्ट्या, घंटा आणि ढोल यांचा तो गामेलान पूजेचाच भाग असतो, करमणुकीसाठी लावलेला नसतो. आपल्याकडे गौरी बसल्यात, आरती चालली आहे आणि मागच्या खोलीतला भाडेकरू येऊन म्हणाला, ‘जरा हळू, माझा कॉल आहे’, तर आपणही त्याला हसून ‘बरं’ म्हणू. आणि ते मनात ठेवू.

तू मुद्दाम काही केलं नाहीस हे मला दिसतं, त्यांनाही दिसलं असेल. पण तू तिथे महिनाभर होतीस आणि घरात मोठी पूजा येते आहे हे तुला आदल्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आठ दिवस आवारात पात्यांचे ढीग पडलेले असणार, बायका तिथे बसलेल्या असणार आणि तू लॅपटॉप घेऊन रोज त्यांच्यासमोरून कॅफेत जात असणार. माझ्या मते अबोल्याचं खरं कारण तिथे आहे. एकदा विचारलं असतंस, ‘हे कशासाठी चाललंय?’, तर मीटिंगची वेळही बदलून घेतली असतीस.

चार दिवसांच्या प्रवाशाला हे सगळं माफ असतं. तो येतो, बघतो, पैसे देतो, जातो. सहा महिने राहणाऱ्याला ती सूट राहत नाही. तो तिथलं पाणी वापरतो, रस्ता वापरतो, कचरा करतो, तिथल्या माणसाला हवी असलेली खोली अडवतो. मग त्याने शेजारधर्मही पाळायला हवा. लॅपटॉपवर काम करत देशोदेशी राहणाऱ्या, स्वतःला डिजिटल नोमॅड म्हणवणाऱ्या बहुतेकांची गडबड इथेच होते. त्यांना राहायचं असतं रहिवाशासारखं आणि जबाबदारी हवी असते प्रवाशाएवढी. तू पत्र लिहिलंस, म्हणजे तुला त्यांच्यासारखं व्हायचं नाही असं मी धरून चालते आणि स्पष्ट बोलते.

आधी व्हिसा. सिंगापूरची चक्कर मला अजिबात मान्य नाही. भारतीयांना बालीच्या विमानतळावर मिळणारा व्हिसा ५ लाख रुपियाचा (रुपिया हे इंडोनेशियाचं चलन) आणि ३० दिवसांचा. तो फक्त एकदा, आणखी ३० दिवसांनी वाढवता येतो. तो सुट्टीसाठी आहे. तिथे बसून वर्षभर परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी इंडोनेशियाने २०२४ पासून वेगळा व्हिसा ठेवला आहे, ई३३जी नावाचा. तो एक वर्षाचा असतो. त्याच्यासाठी इंडोनेशियाबाहेरच्या कंपनीशी करार लागतो आणि वर्षाला किमान ६०,००० डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. आपल्या पैशात हे पन्नास लाखांच्या वर जातं. तुझा पगार तेवढा असेल तर तो व्हिसा काढ आणि ताठ मानेने राहा. नसेल तर सहा महिने बाली हा बेत तुझ्यासाठी नाही, हे आत्ताच मान्य कर. दोन महिन्यांपर्यंतची खरी सुट्टी घेऊन जाता येईल. सलग राहूनच काम करायचं असेल तर थायलंडचा जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला डीटीव्ही व्हिसा बघ. तो पाच वर्षांचा असून एका खेपेला १८० दिवस राहता येतं आणि खात्यात ५ लाख थाई बात असल्याचं दाखवावं लागतं. मलेशियाच्या ‘डीई रांताऊ’ पासला संगणक क्षेत्रातल्या माणसासाठी वर्षाला २४,००० डॉलरची अट आहे. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या त्या सरकारचं संकेतस्थळ स्वतः वाच. एजंटच्या किंवा मैत्रिणीच्या शब्दावर जाऊ नकोस.

हा कायद्याचा मुद्दा झाला, पण माझ्या दृष्टीने यातच आदराचाही मुद्दा आहे. युरोपच्या व्हिसासाठी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग अशी फाइल घेऊन आपण रांगेत उभे राहतो. एक कागद कमी पडला तर पोटात गोळा येतो. बालीतल्या तरुणालाही पॅरिसला जायचं असेल तर त्याच रांगेत उभं राहावं लागतं. श्रीमंत देशांच्या नियमांपुढे आपण मान तुकवतो. मग इंडोनेशियाचा नियम आला की ‘सगळे तेच करतात’ असं कसं म्हणता येईल? जानेवारी २०२१ मध्ये एका अमेरिकन तरुणीला बालीतून परत पाठवलं गेलं. महामारीच्या काळात, इंडोनेशियाच्या सीमा परदेशी लोकांना बंद असताना, बाली किती स्वस्त आणि सुखाची आहे हे ती समाजमाध्यमावर सांगत होती आणि तिथे कसं यावं याचं ई-पुस्तक विकत होती. तिथल्या लोकांना राग आला तो याच गोष्टीचा, की आमचं घर ही हिची विकायची वस्तू झाली.

तू तिथून रील्स टाकणार असशील तर त्यांनाही हेच लागू आहे. ‘इतक्या कमी पैशांत स्वर्गात राहा’ अशा थाटाचं काहीही टाकू नकोस. ज्या बदुंग जिल्ह्यात चांगू येतं, तिथे २०२५ मध्ये ठरलेलं किमान वेतन महिन्याला साधारण ३५ लाख रुपिया होतं, म्हणजे आपले अठरा-एकोणीस हजार रुपये. तुझी खोली झाडणाऱ्या मुलीला तुला स्वस्त वाटलेलं जेवण स्वस्त नसतं. पूजेचे, अंत्यविधीचे, घरातल्या लहान मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस. आणि एक पक्कं लक्षात ठेव. योगाचे वर्ग घेणं, कॅफेचे फोटो काढून देऊन फुकट जेवणं, व्हिलाची जाहिरात करून महिनाभर राहणं, हे सगळं तिथल्या कायद्याने कामच धरलं जातं. तुझ्या व्हिसावर ते चालणार नाही, आणि ती रोजी तिथल्या कुणाची तरी असते.

आता भाडं. तू स्थानिक कुटुंबाच्या आवारात राहिलीस हे फार चांगलं केलंस, पुढेही तसंच कर. चांगू आणि बेरावा पंचवीस-तीस वर्षांपूर्वी भातशेतीची गावं होती. बालीत शेताला पाणी वाटून देण्याची सुबाक नावाची सामाईक व्यवस्था आहे. शेतकरीच ती चालवतात आणि पाण्याच्या देवळांशी ती बांधलेली आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान दिला. एका शेतात व्हिला उभा राहिला की नुसतं ते शेत जात नाही. पाट अडतो, खालच्या शेताचं पाणी तुटतं, त्या शेतकऱ्यालाही जमीन भाड्याने देऊन टाकणं परवडू लागतं. जमिनीचे भाव चढले की तिच्यावरचा कर चढतो, म्हणजे न विकणाऱ्यालाही झळ लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये बालीत पूर येऊन डझनाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर भातजमिनीवरची हॉटेलं-व्हिला थांबवण्याची भाषा तिथल्या सरकारनेही केली.

हे सगळं तू एकटीने केलेलं नाहीस, आणि तू न गेल्याने थांबणारही नाही. पण तुझं भाडं कुणाच्या हातात पडतं, एवढं तुला नक्की ठरवता येतं. परदेशी माणसाला तिथे जमीन मालकीने घेता येत नाही. म्हणून बरेच जण जमीन वीस-पंचवीस वर्षांच्या करारावर घेतात, व्हिला बांधतात आणि तो तुझ्यासारख्यांना परदेशी चलनात भाड्याने देतात. अशा ठिकाणी राहू नकोस. कुटुंबाने चालवलेलं गेस्टहाउस किंवा महिन्याच्या भाड्याची साधी खोली घे. तिथे अशा खोलीला ‘कोस’ म्हणतात. पोहण्याचा तलाव नसलेली घे. समुद्र दहा मिनिटांवर असताना प्रत्येक व्हिलाला बोअरच्या पाण्याचा तलाव कशाला हवा, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. आणि बाजारात फळवाल्या आजीशी पाच हजार रुपियासाठी घासाघीस करू नकोस. ते आपले पंचवीस-सत्तावीस रुपये होतात.

हे दुखणं समजायला बालीपर्यंत जायची गरज नाही. गोव्यात आसगाव, शिवोली, हणजूण इथल्या माणसाला विचार. २०२० नंतर लॅपटॉप घेऊन आलेल्या मंडळींनी महिन्याचं जे भाडं सहज दिलं, ते तिथल्या शिक्षिकेला, नर्सला, नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला परवडेना. घरमालक खूश झाले, भाडेकरू गावाबाहेर गेले. त्या मंडळींत दिल्ली-बेंगळुरूचे होते तसे आपले पुणे-मुंबईचेही होते. गोव्याचा माणूस निदान आपल्याला कोकणीत, मराठीत सुनावू तरी शकतो. बालीतल्या तुझ्या घरमालकिणीला तुला सुनवायला इंग्रजी शोधावं लागतं, आणि तू भाडं देतेस म्हणून ती ते शोधतही नाही.

आईच्या बोलण्याकडे वळते, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. ‘हिंदूच आहेत, आपलीच आहेत’ या भावनेत प्रेम आहे. पण तिथे जाऊन आपल्यापैकी कित्येक जण याच प्रेमापोटी वाईट वागतात. बालीचा हिंदू धर्म हजार वर्षांहून जास्त काळ त्या बेटावर, तिथल्या पूर्वजपूजेत, तिथल्या पाण्याच्या देवळांत वाढला आहे. त्यांच्या देवळात अनेकदा मूर्ती नसते, देवासाठी रिकामं आसन असतं. जेवणात डुकराचं मांस असतं, नैवेद्यातही असतं, काही विधींत कोंबड्यांची झुंज असते. आपण तिथे जाऊन ‘हे हिंदू धर्मात बसत नाही’, ‘हे मूळचं आमच्याकडचं’ असं बोललो की त्यांच्या शतकानुशतकांच्या आयुष्याला आपण आपली नक्कल ठरवतो. असं एकही वाक्य तोंडातून जाऊ देऊ नकोस. शाकाहारी असशील तर हसून, आभार मानून तेवढंच सांग. त्यांच्या ताटाकडे बघून नाक मुरडू नकोस.

एक उदाहरण देते. आपला शक आणि त्यांचा शक एकच. २०२६ मध्ये गुढीपाडवा आणि बालीचं नववर्ष न्येपी एकाच दिवशी, १९ मार्चला, आणि दोन्हीकडे शके १९४८ सुरू. आपल्याकडे त्या दिवशी गुढ्या, ढोल, शोभायात्रा. त्यांच्याकडे आदल्या रात्री ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या प्रचंड प्रतिमांची मिरवणूक, आणि नववर्षाच्या दिवशी चोवीस तास पूर्ण मौन. आग पेटवायची नाही, काम करायचं नाही, बाहेर पडायचं नाही, करमणूक करायची नाही. विमानतळसुद्धा बंद असतो. २०१८ पासून मोबाइल इंटरनेटही बंद ठेवतात. पेचालांग म्हणजे गावाचे पारंपरिक रखवालदार रस्त्यावर फिरतात आणि खिडकीतून उजेड दिसला तर येऊन सांगतात. पाहुण्यांनाही यातून सूट नाही. तुझ्या मुक्कामात न्येपी येत असेल तर कंपनीला महिनाभर आधी रजा कळव. हॉटेलात वायफाय चालू आहे म्हणून पडदे ओढून मीटिंग उरकू नकोस. ‘काम करायचं नाही’ यात तुझंही काम येतं.

बारीकसारीक गोष्टी तुला महिनाभरात कळल्या असतील, म्हणून पटकन सांगते. दारासमोर, फुटपाथवर ठेवलेल्या फुलांच्या परड्या, चानांग सारी, ओलांडायच्या नाहीत, बाजूने जायचं. देवळात सारोंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र, आणि कमरेला पट्टा हवाच. पाळी चालू असताना बायकांनी आत येऊ नये असा तिथे नियम आहे. तुझं मत काहीही असो, त्यावर वाद घालण्याचं ठिकाण दुसऱ्याच्या देवळाचं दार नव्हे. देणं-घेणं उजव्या हाताने. परदेशी प्रवाशांसाठी १ लाख ५० हजार रुपियाचा शुल्क फेब्रुवारी २०२४ पासून आहे, तो कुणी विचारत नाही म्हणून चुकवू नकोस. स्कूटर चालवणार असशील तर दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना, हेल्मेट आणि अंगभर कपडे. तिथल्या अरुंद शेतरस्त्यांवर घाईत घुसणारे परदेशी स्कूटरवाले तिथल्या लोकांच्या खऱ्या रागाचा विषय आहेत. बाईंना ‘इबू’ म्हण, त्यांच्या यजमानांना ‘बापाक’. समवयस्क मुलगा ‘ब्ली’, मुलगी ‘म्बोक’. रोज दहा मिनिटं इंडोनेशियन शिक. लिपी रोमन आहे, क्रियापदं काळाप्रमाणे बदलत नाहीत, सहा महिन्यांत बाजारात बोलण्याइतकी येते.

यापेक्षा महत्त्वाचा आहे बंजार, म्हणजे वस्तीची पंचायत. लग्न झालेलं प्रत्येक घर तिचं सदस्य असतं आणि देवळाच्या, अंत्यविधीच्या, मिरवणुकीच्या कामाला माणूस पाठवणं त्या घराला बंधनकारक असतं. चुकलं तर दंड. म्हणून तुझी झाडणारी मुलगी किंवा कॅफेतला मुलगा आठवड्यात दोन दिवस ‘पूजा आहे’ म्हणून येत नाही. नोमॅड मंडळींच्या गप्पांत ही तक्रार फार ऐकू येते, ‘यांच्याकडे रोजच सण असतो’. असतो. ज्या गावाचं सौंदर्य बघायला आपण जातो, ते याच रजांमधून टिकलेलं आहे. त्या दिवशी स्वतः झाड आणि पैसे कापू नकोस. पोहोचल्यावर घरमालकाला सांगून बंजारच्या प्रमुखाकडे पासपोर्टची प्रत देऊन नोंद करून घे. कुणी येऊन विचारायची वाट बघू नकोस.

कंपनीबद्दल एकच. तुझ्या कंपनीची लेखी परवानगी घे, कारण बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम झाला की तिथला कर लागू होण्याचा प्रश्न येतो. आणि संध्याकाळच्या मीटिंगा मागे-पुढे होतील का, ते जाण्याआधीच ठरवून घे. बालीचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. युरोपची दुपार म्हणजे तिथली रात्र, आणि पूजा, नाच, गामेलान सगळं रात्रीचंच. रात्री उशिरा शांतता हवीच असं तुझं काम असेल तर बालीतल्या घराच्या आवारात मागच्या खोलीत राहू नकोस. कोवर्किंगच्या भाड्याच्या जागेत जाऊन मीटिंग कर, आणि घरात त्यांना वाजवू दे.

आता त्या इबू. जाण्याआधीच त्यांना निरोप पाठव, बहुधा त्यांच्या मुलाच्या फोनवर. लांबलचक सफाई नको, क्लायंटचं कारण तर मुळीच नको. ‘मोहोन माआफ, इबू’ (माफ करा, बाई), त्या रात्री मी पूजेत व्यत्यय आणला, मला समजलं नव्हतं. एवढं पुरे. मग विचार, पुढचा ओडालान कधी? तारीख कळली की त्या दिवसाची आणि आदल्या दिवसाची रजा टाक. गेलीस तर जाताना तांदूळ, साखर, कॉफी असं घरात उपयोगी पडेल ते ने. तिथे पूजेच्या घरी शेजारी तेच नेतात. भारतातून आणलेली महाग भेटवस्तू देऊन त्यांना ओशाळं करू नकोस. ‘पाती कापायला बसू का?’ असं विचार. बस म्हणाल्या तर गप्पपणे बस, फोन खोलीत ठेवून. नको म्हणाल्या तर तेही ठीक. प्रत्येक घराला आपल्या पूजेत परकं माणूस नको असण्याचा हक्क आहे.

त्यांच्याच खोलीसाठी आग्रह धरू नकोस. विचार जरूर, पण निरोप गेल्यावर काही दिवसांनी, वेगळा. खोली रिकामी नाही असं उत्तर आलं तर ते खरं मान आणि दुसरं आवार शोध. त्यांना जास्त भाडं देऊ करू नकोस. शेजारच्या दुसऱ्या कुणाला रिकाम्या खोल्या असतील तर ते नाव त्यांच्याकडूनच घे, म्हणजे नव्या घरी तुझी ओळख त्यांच्या तोंडून होईल.

तुझी,
ताई